घागर न सांडणारी होडी

मुंजाजी भोयाचं पत्र मला १९८६ सालच्या आषाढात आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. म्हणजे लिहिलं होतं, पण टाकलं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे असं मी पुढं साडेसात वर्षं स्वतःला समजावत राहिलो.

पत्र निळ्या आंतर्देशीय कागदावर होतं. अक्षर मोठं, ओळी उताराला लागलेल्या. ते अक्षर मी लगेच ओळखलं, कारण ते मीच गिरवून घेतलं होतं. सोनपेठच्या वाचनालयात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. प्रौढांसाठी वर्ग सुरू करायचं ठरलं तेव्हा शिकवायला दुसरं कुणी मिळेना, म्हणून मला बसवलं. पहिल्या महिन्यात अठरा माणसं आली. चौथ्या महिन्यात एकटा मुंजाजी उरला. पस्तिशीचा गडी, हातांना ओल्या सुतळीचा वास. गंगेवर मासे धरायचा. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. वर्षभरात तो वाचायला शिकला. लिहायला मात्र धजत नव्हता. म्हणायचा, "गुर्जी, लिहायचं कुणाला? माझी समदी माणसं हाकंच्या अंतरावर हायेत."

पुढं वरच्या अंगाला धरण झालं आणि उन्हाळ्यात गंगेत डोहापुरतं पाणी राहायला लागलं. मुंजाजी बायकोला आणि लेकीला घेऊन कोकणात गेला, एका खाडीच्या तोंडावरच्या गावी. चार वर्षं त्यानं दुसऱ्याच्या लाँचवर जाळी ओढली. हाकेचं अंतर संपलं, म्हणून ते पत्र. त्यानं आयुष्यात लिहिलेलं पहिलं.

"गुर्जीस मुंजाजीचा रामराम. मला आता सोताची होडी घ्यायची हाय. एकट्यानं वल्हवायची. खाडीच्या बाहेर थोडं जाऊन मासं धरायचं, लय आत न्हाई. दोन होड्या इकायला हायेत. एक रुंद, बूड सपाट, आपल्या काहिलीवानी. दुसरी अरुंद, बूड निमुळतं, बसलं की डुगडुगते. म्या दोन्हीत घागर घेऊन उभा राहिलो. रुंदीत थेंब सांडला न्हाई. अरुंदीत समदी घागर अंगावर आली, लोक हासले. पर हितले लोक अरुंदच वापरतेत. का, ते धड सांगत न्हाईत. म्हंतेत तू नदीचा, तुला न्हाई कळायचं. तुमी पुस्तकात बघून सांगा. मालक नारळी पुनवेपस्तोर थांबतो म्हनला. तुमचं पत्र आल्याबिगर म्या घेत न्हाई."

काहील म्हणजे गूळ करायची मोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळातून बाद झालेली काहील आमच्याकडचे भोई होडी म्हणून वापरतात. ती घ्यायच्या आधी त्यांची एक परीक्षा असते. डोक्यावर भरलेली घागर घ्यायची आणि काहिलीत एका कडेला पाय देऊन उभं राहायचं. पाणी सांडलं तर ती घ्यायची नाही. मुंजाजीच्या बापानं अशीच घेतली होती, आज्यानंही. जाळं उभ्यानं फेकायचं असल्यामुळं त्यात अर्थही होता. डोहाचं पाणी पाटासारखं सपाट असतं, तिथं ही परीक्षा कधी खोटी ठरलेली नव्हती.

मी समुद्र पाहिलेला नाही. पण मला कुणी पुस्तकात बघून सांगा म्हटलं की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. वाचनालयात एका जुन्या अंमलदारानं जाताना देऊन टाकलेली इंग्रजी पुस्तकं होती. त्यात एक जगभरच्या होड्यांवरचं. माझं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. माझ्याजवळचा शब्दकोशही इंग्रजीतून उर्दूत अर्थ सांगणारा. म्हणजे इंग्रजी वाक्य आधी उर्दूच्या चाळणीतून काढायचं आणि मग मराठीत ओतायचं. दोन चाळण्यांत काय राहिलं आणि काय गळालं, याची मला कायम शंका.

आठ दिवस बसलो. त्या पुस्तकात कयाक नावाच्या होडीवर एक प्रकरण होतं. फार उत्तरेकडं, बर्फाच्या मुलखात, एकटा माणूस ही होडी घेऊन समुद्रावर शिकारीला जातो. ती विकत मिळत नाही, ज्याची त्याच्या मापानं बांधतात. रुंदी म्हणजे बसणाऱ्याची कंबर आणि दोन्ही बाजूंना एक एक मूठ. लांबी त्याच्या पसरलेल्या हातांच्या तिप्पट. नवख्याला ती फार हलते असं वाटतं, आणि तसं वाटतं तेच बरं, असं लिहिलं होतं. रुंद सपाट होडी पाण्याला चिकटून असते. पाणी सपाट तोवर ती सपाट. पण लाटेत पाणीच तिरपं होतं, आणि मग होडीही त्याच्याबरोबर तिरपी होते. अरुंद होडीच्या खालून लाट निघून जाते, ती आपली हलत राहते आणि सरळ राहते.

हे खरं का, ते बघावं म्हणून मी आडाशेजारच्या हौदात परात सोडली आणि वाळलेल्या लांबट भोपळ्याचं अर्धं भकल सोडलं. दोन्हीत एकेक गोटा ठेवला. पाणी शांत होतं तोवर परात दगडासारखी स्थिर, आणि भोपळा नुसता डोलत होता. मग मी फळीनं पाणी ढवळलं.

माझी बायको मनकर्णा मागं येऊन उभी राहिली होती. "अहो, काय करायलाव?"

"बघायलोय जरा."

"ती पुरणाची परात आहे. साठीला माणसं देवधर्म करतात, अन् तुम्ही हौदात होड्या सोडायलाव."

"मुंजाजीनं विचारलंय. समुद्रात कुठली होडी बरी."

"त्याला विचारायला तुम्हीच सापडलाव?" ती हसली. "पर्वणीला गंगेवर गेलो तर घोट्याच्या वर पाण्यात उतरला नाहीत तुम्ही."

तेवढ्यात परात लाटेवर चढली, तिरपी झाली, कडेनं पाणी प्याली आणि खाली गेली. भोपळा मान हलवत राहिला, पण तरला. मनकर्णा म्हणाली, "आता ती काढणार कोण?"

मी काढली. कोपरापर्यंत भिजलो. त्याच दुपारी उत्तर लिहिलं. एक पान, पाठपोट. अरुंद होडी घे, डुगडुगते म्हणून भिऊ नकोस, दहा दिवस खाडीच्या आत बसायचा सराव कर, तुझ्या कमरेला दोन्ही बाजूंनी एकेक मूठ जागा राहते का ते बघ. घागरीची परीक्षा नदीची आहे, दर्याची नाही. हे शेवटचं वाक्य मला आवडलं होतं. म्हणूनच कदाचित त्याची भीती वाटली.

टाकण्याआधी कुणा जाणत्याला विचारावं म्हणून मी आठवडी बाजारात सटवाजीकडं गेलो. सटवाजी म्हणजे मुंजाजीचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं काहिलीतून मासे धरलेला. पाटीपुढं बसून खवले काढत होता. भोवती गिऱ्हाइकं.

त्याला मी पुस्तकातलं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग सुरी पाटीवर आपटून म्हणाला, "गुर्जी, दर्या बघितलाय का तुमी?"

"नाही."

"म्या बी न्हाई. पर पानी ते पानीच. डुगडुगती होडी अन् डुगडुगता जावई, दोन्हीच्या भरवशावर ऱ्हाऊ ने."

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, चारचौघांत मला दुसरं काही येत नाही.

"पुस्तकात तसं लिहिलंय," मी हळू म्हणालो.

"पुस्तक पान्यात टाकून बघा की. तरतंय का?"

पुन्हा हशा. एक बाई म्हणाली, "नका हो गुर्जींना छळू, त्यांनी मासा बी खाल्ला नसंल कधी." हेही खरं होतं.

घरी येताना पत्र खिशात होतं. टपालपेटी वाटेतच होती. मी तिच्यासमोर थांबलो आणि हिशोब केला तो असा. मी सांगितलं म्हणून त्यानं अरुंद होडी घेतली आणि ती उलटली, तर तो माझ्यामुळं गेला. मी काही सांगितलं नाही तर जे होईल ते माझ्यामुळं होणार नाही. मी समुद्र न पाहिलेला माणूस. अर्थ दोन चाळण्यांतून आलेला. सटवाजी हसतो. हौद म्हणजे काही दर्या नव्हे. आणखी एकदा ते प्रकरण वाचू, मग टाकू.

पत्र मी त्याच पुस्तकात, कयाकच्या पानावर ठेवलं. रोज उद्या टाकू म्हणायचो. नारळी पौर्णिमा आली त्या दिवशी मनकर्णानं नारळीभात केला होता. तो खाताना मला आठवलं की मुदत आज संपली. आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

कार्तिकात सटवाजी वाचनालयाच्या दारात आला. आत आला नाही. चपला हातात धरून उभा राहिला.

"मुंजा गेला, गुर्जी."

मी उठलो. तो सांगत राहिला. खाडी जिथं दर्याला मिळते तिथं लाटा उभ्या राहतात म्हणे. परतताना होडी उलटली. माणूस दुसऱ्या दिवशी मिळाला. होडीला ओरखडाही नाही.

कुठली होडी, असं मी विचारलं नाही. तोच म्हणाला, "रुंदच व्हती. थेंब सांडला न्हवता तिच्यात. तकदीरच खोटी, दुसरं काय."

दिवस झाल्यावर मुंजाजीची बायको कोंडाबाई गावी आली आणि एकदा आमच्या घरी आली. उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसली. मनकर्णा चहा ठेवायला आत गेली.

"रोज डाकवाल्याची वाट बघायचे," कोंडाबाई म्हणाली. "होडीचा मालक म्हनायचा, अरे तुझा गुरू लाटसाहेब हाय काय? ह्येंनी ऐकून घ्यायचं. पुनव झाली तवा मला म्हनले, गुर्जींनी लिहिलं न्हाई म्हंजे होडीत वावगं काय न्हाई. वावगं असतं तर दोन वळी तरी लिहिल्या असत्या त्यांनी. वळखितो म्या त्यांना."

"मी…" मी म्हणालो.

मनकर्णा चहा घेऊन आली. कपबश्या वाजल्या. कोंडाबाई डोळे पुसून म्हणाली, "तुमचा काय दोष, गुर्जी? तुमी तर काय म्हनलाच न्हाईत."

माझं वाक्य तिथंच राहिलं. ती पुन्हा कोकणात गेली. तिथं मासळी वाळवायचं काम होतं, इथं काहीच नव्हतं. मी ते होड्यांचं पुस्तक वाचनालयातून माझ्या नावावर घेतलं आणि परत केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्याची किंमत भरून टाकली. मनकर्णानं कधी विचारलं नाही, कारण आमच्या घरात न परतलेली पुस्तकं पुष्कळ होती. मी ते उघडत नव्हतो. कपाटात कुठं आहे ते मात्र न पाहता सांगू शकलो असतो.

साडेसात वर्षं गेली. १९९४ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या तीन दिवस आधी, आमचा पोस्टमन ग्यानबा एक कार्ड देऊन गेला. अक्षर परकं होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं.

"गुर्जीस कोंडाबाईचा नमस्कार. लेक सुलाचं लगीन झालं. जावई चंद्रभान ताडकळसचा. घरची मेंढरं इकून इकडंच आलाय. ह्येंची होडी सात वरसं वाळूत पालथी पडली व्हती, खाली कोंबड्या बसायच्या. जावयानं दोन फळ्या बदलल्या, डांबर मारलं. घागर घेऊन उभा राहिला, थेंब सांडला न्हाई. हितले लोक नको म्हंतेत, पर ते आपल्याला परकेच समजतेत. मागं तुमी बी नको म्हनला न्हवता, ते म्या जावयाला सांगितलं. संक्रांत झाली की पान्यात घालनार. तुमाला कळावं म्हनून."

कार्डावरचा शिक्का सहा दिवसांपूर्वीचा होता. आज पत्र टाकलं तर तेही सहा दिवसांनी पोचणार. म्हणजे मी त्याच क्षणी उठलो असतो तरी तीन दिवसांनी मागं होतो.

उठलो मात्र. हे मला लिहायला हवं, कारण एरवी मी उठणारा माणूस नाही. आधी पोस्टात गेलो, तार करावी म्हणून. तारेच्या कागदावर लिहिलं: होडी घालू नका. बाबू म्हणाला, "लाइन मरायलीय सकाळपासनं. कागद ठेवून जा, चालू झाली की बघू." मग त्यानं ते तीन शब्द मोठ्यानं वाचले आणि माझ्याकडं पाहिलं. "कुठं घालू नका?"

"पाण्यात."

"तेवढं बी लिहा की मग."

मी लिहिलं. पण तारेत कारण मावत नाही. कारण नसेल तर चंद्रभान का थांबेल? तिथली माणसं डोळ्यांसमोर सांगत होती, त्यांचंही तो ऐकत नव्हता. तो ऐकत होता ते माझं, आणि मी तर काही म्हणालोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पिशवीत धोतर आणि टॉवेल घालून बसस्टँडवर गेलो. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय होणार अशी बातमी होती आणि सगळीकडं धास्ती होती. अठ्ठ्याहत्तर साली आमच्या जिल्ह्यात गावोगाव काय झालं ते लोक विसरले नव्हते. ज्यांची घरं जळाली ते तर नव्हतेच नव्हते. त्या वेळीही मी वाचनालयाचं दार आतून लावून बसलो होतो. गाडी येईना. एक कंट्रोलर शेंगा खात बसला होता.

"कुठं निघालाव, गुर्जी?"

"कोकणात."

"आता? ह्या वयात?" तो हसला. "देवगाव फाट्यावर कालपासनं दोन गाड्या उभ्या हायेत. घरी जावा. तिळगूळ खावा."

चार वाजेपर्यंत बसलो. गाडी येणार नाही हे नक्की झालं तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात मला पुन्हा तसंच हलकं वाटलं, नारळीभाताच्या दिवशी वाटलं होतं तसं. आणि या वेळी मी ते ओळखलं.

संक्रांतीच्या दिवशी कपाट उघडलं. पुस्तक जागेवर होतं, पत्रही. एका कोपऱ्याला कसर लागली होती, त्यात 'दर्याची नाही' मधला 'नाही' गेला होता. बाकी सगळं वाचता येत होतं. तारीख स्वच्छ होती. ३० जुलै १९८६. नारळी पौर्णिमेच्या वीस दिवस आधीची.

नवं पत्र लिहायला बसलो.

"कोंडाबाईस, सोबतचं पत्र मुंजाजीसाठी लिहिलेलं आहे. तारीख बघून घे. कुणाकडून तरी वाचून घे आणि चंद्रभानला समोर बसवून वाचून घे. मुंजाजीचं पत्र मला मिळालं होतं. कुठली होडी घ्यावी ते मला पुस्तकात सापडलं होतं. मी लिहिलं आणि टाकलं नाही. माझं चुकलं तर काय, या भीतीनं टाकलं नाही. मी नको म्हणालो नाही, असं तू म्हणालीस. मी नको म्हणालो होतो. ते कपाटात होतं. ती होडी पाण्यात घालू नका. ती फोडून चुलीत घाला. घातली असेल तर हे पत्र—"

इथं थांबलो. घातली असेल तर पुढं काय, ते मला लिहिता आलं नाही. ती ओळ तशीच सोडून खाली सही केली, दिनकर.

मनकर्णा शेजारी येऊन बसली होती. तिनं दोन्ही कागद उचलले आणि वाचले. आधी जुना, मग नवा. हौदातली परात तिला आठवली असावी. बावन्न वर्षांच्या संसारात मी तिच्या बोलण्याची इतकी वाट कधी पाहिली नव्हती. शेवटी म्हणाली, "तिकीट जास्तीचं लावा. दोन कागद आहेत."

त्याच संध्याकाळी नामविस्ताराची बातमी आली. दुसऱ्या दिवशी बाजारपेठ बंद. रस्त्यावर कुत्री आणि पोलिसांची एक गाडी. मी भिंतीच्या कडेकडेनं पोस्टापर्यंत गेलो. लाल पेटीपाशी ग्यानबा सायकल टेकवून उभा होता.

"गुर्जी, आज कशाला आलाव?"

"पत्र टाकायचंय."

"टाकून काय करताव? डाकेची गाडी आली न्हाई. आज न्हाई, उद्याचं बी सांगता येत न्हाई. पेटीत पडून ऱ्हाईल नुसतं."

"तार गेली का त्या दिवशीची?"

"लाइनच न्हाई तर तार कुठनं जाईल?" त्यानं माझ्या हातातल्या पाकिटाकडं पाहिलं, आणि त्याचा आवाज मऊ झाला. "घरी घेऊन जावा. इथं काय दंगा झाला, पेटीबिटी जाळली, तर उगं जायचं. गाड्या चालू झाल्या की म्याच येतो घरी न्यायला. तुमच्या घरात तर सुरक्षित हाय."

तो चांगला माणूस आहे. म्हणत होता तेही बरोबर होतं. संक्रांत काल होऊन गेली होती. तिकडं खाडीच्या तोंडाशी भरती होती की ओहोटी, मला माहीत नव्हतं; ते कसं मोजतात तेही मला पुस्तकातूनच माहीत. पाकीट पेटीत पडून राहिलं काय आणि माझ्या कपाटात राहिलं काय, चंद्रभानला दोन्ही सारखंच होतं.

"घरी नको," मी म्हणालो.

"का?"

पेटीच्या तोंडावर पत्र्याची झडप असते, ती जरा गंजली होती. ती मी एका हातानं वर धरली आणि दुसऱ्या हातानं पाकीट आत सरकवलं. पेटी रिकामीच असावी, कारण ते तळाला लागल्याचा आवाज आला.